लोकांना विचारणं आणि लोकांसोबत आखणं

दोन्हीकडे सतरंजी अंथरतात, चहा फिरतो, वहीत सह्या-अंगठे होतात. फोटोवरून तर फरक कळतच नाही. पण विचारायला येणाऱ्याच्या पिशवीत आराखडा तयार असतो, गावाने फक्त मान डोलवायची. आखायला बसणारा कोरा कागद घेऊन येतो.

धुळे जिल्ह्यातल्या एका गावात नळाची वेळ ठरली तेव्हा मी तिथेच होतो. सकाळी दहा. "चालंल ना?" "चालंल." पारावर सगळे बाप्येच. कपाशीच्या निंदणीला बाया फडक्यात भाकरी बांधून आठालाच शेताची वाट धरतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही (माझ्याही नाही). पुढे महिनाभर कुलूप लावलेल्या घरांपुढे नळ वाहत होते आणि अंधार पडताना बाया विहिरीवर. एक आजी म्हणाली, "आमले कोनी इचारंच नही." ठरावात मात्र 'सर्वानुमते'.

श्रमदानातही हीच गल्लत होते. बांध कुठे घालायचा ते दुसऱ्याने ठरवलं आणि गावाने माती वाहिली, तर गावाने मदत केली एवढंच म्हणावं.

आखणं पाहायचं तर पांझरेकाठची जुनी फड पद्धत बघा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असलं की एखादा फड अख्खा कोरडा ठेवायचा. झळ सगळ्यांनाच बसते, पण कुणा एकाचं शेत बुडत नाही. पाणी पाटकरी देतो, पिकाची राखण जागल्या करतो, पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. म्हणजे टंचाईत कोणी किती सोडायचं ते जमिनीच्या वाटणीतच बसवलेलं. बंधाऱ्याची उंची बाहेरचा इंजिनिअर काढून देईल. हा हिशेब त्याला कोण सांगणार?

अलीकडचं उदाहरण साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं. १९९०च्या दशकात चैत्राम पवारांच्या पुढाकाराने या आदिवासी पाड्याने उजाड जंगल राखायला घेतलं. तोडबंदी, दंड, राखणीची सोय, सगळं पाड्यानेच ठरवलं. आज ते जंगल चारशे हेक्टरांच्या वर आहे. पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

प्रत्येक कामाला असं बसायला हवंच असं नाही. मोटार जळाली तर ती बदलावी, ग्रामसभा कशाला? पण ज्यात एकाला मिळालं की दुसऱ्याचं कमी होतं, पाणी, चराई, रस्त्याची जागा, तिथे नुसतं विचारून भागत नाही. बैठक उठल्यावर कागद बघायचा: काही खोडलंय का? एकही काट नसेल तर फक्त विचारलं होतं.

त्या नळाच्या गावात नंतर बाया बसल्या. पहाटे साडेपाच म्हणाल्या. पाणी सोडणारा म्हणाला, तोवर टाकी अर्धीच भरते. मग वरची आळी एक दिवस, खालची दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी कुठली, यावर मात्र तासभर भांडण झालं.