निळी-काळी शाई : कोकण किनाऱ्यावरील निवड

निळी-काळी शाई : फाउंटन पेनात भरायची, लिहिताना निळी दिसणारी आणि वाळता वाळता काळपट होत जाणारी शाई. दुकानात ती 'ब्लू-ब्लॅक' या नावाने मागतात. आज हे एकच नाव दोन निराळ्या द्रवांना चिकटलेले आहे. एक लोहयुक्त शाई, जिचा रंग कागदावर खरोखरच बदलतो. आणि दुसरी नुसत्या गडद निळ्या रंगाची, जी बाटलीत दिसते तशीच कागदावर राहते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत शाई घेताना हा फरक छटेपेक्षा महत्त्वाचा ठरतो, कारण येथे वर्षातले निदान चार महिने कागद ओलसरच असतो.

लोहशाईचे रसायन कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात पाहायला मिळते. आवळ्याचा कीस लोखंडी कढईत ठेवला की थोड्याच वेळात तो निळसर काळा पडतो. आवळा, हिरडा, मायफळ यांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि लोहाशी गाठ पडली की टॅनिन काळे होते. जुने शाईवाले लोह मिळवत ते हिराकसातून, म्हणजे फेरस सल्फेटातून. युरोपात टॅनिनसाठी ओकच्या झाडावरच्या गाठी वापरत. नवजात बाळाच्या गुटीत आपण जे मायफळ उगाळतो ते हेच. सह्याद्रीच्या उतारावर हिरडा मुबलक. तोही या कामाला तितकाच चालतो.

शाई बाटलीत असते तोवर तिच्यातले लोह फेरस रूपात विरघळलेले असते आणि त्याला रंग जवळपास नसतो. कागदावर उतरल्यावर हवेतला ऑक्सिजन लागून त्याचे फेरिक रूप होते. ते पाण्यात न विरघळणारे आणि काळे असते, आणि तोवर ते कागदाच्या तंतूंमध्ये शिरून बसलेले असते. पण ताजे अक्षर इतके फिके असेल तर लिहिणाऱ्याला काय लिहिले ते दिसायचे कसे? म्हणून शाईत निळा रंग घालतात. पुढे तो निळा उडाला तरी खालचे काळे टिकते. शाईच्या जोडनावाचा उगम हा असा आहे. लंडनच्या हेन्री स्टीफन्स यांनी १८३२ पासून अशी निळी-काळी शाई विकायला सुरुवात केली. १८५६ मध्ये जर्मनीत आउगुस्ट लेओनहार्डी यांनी 'अलिझारिन' या लोहशाईचे पेटंट घेतले. लोह बाटलीत विरघळलेले राहावे म्हणून अशा शाईत आम्ल ठेवावे लागते, आणि हे आम्लच तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आहे. फाउंटन पेनच्या लोहशाईसाठी भारतीय मानक आयएस २२० आहे. त्यात लोहाचे प्रमाण ०.१ टक्का धरले आहे.

आपल्याकडची मोडी दप्तरे आणि पोथ्या बहुतांशी काजळाच्या शाईने, बोरूने लिहिलेल्या आहेत. काजळ उन्हाने विटत नाही, पण ते कागदाच्या पृष्ठभागावर डिंकाच्या आधाराने बसलेले असते. दमट हवेत डिंक मऊ होतो, पाने एकमेकांना चिकटतात, आणि सोडवायला गेले की अक्षरे समोरच्या पानावर उमटतात. ही शाई फाउंटन पेनात भरू नये. डिंक जिभेच्या, म्हणजे निबला शाई पुरवणाऱ्या खालच्या भागाच्या, बारीक खाचांत वाळला की पेन कायमचे अडते.

दमट हवा आणि देवनागरी अक्षर

रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कागद हवेतले पाणी ओढून घेतो. शाई पसरू नये म्हणून गिरणीत त्याला दिलेली खळ अशा हवेत दुबळी पडते. मग शाई फुटते: रेषेच्या कडांना केसासारखे फाटे येतात, मजकूर पलीकडच्या पानावर उमटतो. मे महिन्यात ज्या वहीवर अक्षर सुरेख येत होते, त्याच वहीवर श्रावणात ते सुजल्यासारखे दिसते. दोष पेनाचा असावा असे वाटून माणसे निब बदलतात. तसे करण्याआधी कागद एकदा बोटांत धरून पाहावा. तो कुरकुरीत न लागता नरम लागला, तर कारण तिथेच सापडले.

रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीला हा त्रास जास्त होतो. आपण शब्द पुरा करून मग शिरोरेघ ओढतो, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या ओल्या डोक्यावरून निब दुसऱ्यांदा जाते. दमट हवेत शाई वाळायला वेळ लागतो, त्यामुळे रेघ आणि काना मिळतात तिथे शाईचे टिंब साचते. 'क्ष', 'ळ', 'ध' यांची पोटे भरून जातात. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी दिलेला 'भरभरून वाहणारी शाई घ्या' हा सल्ला म्हणूनच येथे जसाच्या तसा उचलू नये. मराठी लिहिणाऱ्याला पावसाळ्यात जरा कोरडी, आखडून वाहणारी शाई हवी, आणि लोहशाया साधारणपणे तशाच असतात. त्या कमी फुटतात आणि पलीकडेही कमी उमटतात. पाण्याला टिकतात हा त्यांचा गुण सगळे सांगतात. किनाऱ्यावर रोजच्या लेखनात मला त्यांचा हा दुसरा गुण जास्त उपयोगी वाटतो.

पाण्याचा गुणही काही कमी मोलाचा नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरी आंब्याच्या कलमांची एक वही आहे: कोणते कलम कधी लावले, खत कधी घातले, मोहोर कधी आला. एका पावसाळ्यात कौल सरकले आणि रात्रभर वहीवर ठिबक लागली. सकाळी पाने उलगडली तेव्हा साध्या निळ्या शाईने लिहिलेल्या चार वर्षांच्या जागी फिकट आभाळी डाग उरले होते. त्याच पानांवरच्या निळ्या-काळ्या नोंदींचा निळा रंग वाहून गेला होता, पण राखी रंगाची बारीक रेष जागेवर होती आणि तारखांसकट वाचता येत होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकेही भिजली. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळू शकते. हाताने लिहिलेल्या वहीची प्रत एकच असते, म्हणून जपून ठेवायच्या नोंदींसाठी शाई विचार करूनच घ्यावी.

बाजारातल्या शाया

पेलिकनची ४००१ मालिकेतली निळी-काळी ही सौम्य लोहशाई आहे आणि पहिल्यांदा घेणाऱ्याने हिच्यापासून सुरुवात करावी. प्लॅटिनमची निळी-काळी आणि रोहरर अँड क्लिंगनरची 'सॅलिक्स' याही लोहयुक्त आहेत. डायमाइनची 'रजिस्ट्रार्स' शाई त्यांच्याहून कडक. इंग्लंडातल्या जन्म-विवाहाच्या नोंदवह्यांसाठी अशी शाई वापरत. लामीच्या निळ्या-काळ्यात पूर्वी लोह असे, आताच्या बाटल्यांत नाही, त्यामुळे तिच्याविषयीचा जुना सल्ला आज फसवतो.

नुसत्या रंगाच्या शायांत पार्कर क्विंक सर्वांच्या ओळखीची. ती १९३१ ची, आणि त्याच वर्षी दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच कॅमलिन उभी राहिली. कोकणातल्या कितीतरी पिढ्यांनी शाळेत कॅमलची शाई ड्रॉपरने भरलेली आहे. पायलटची निळी-काळी रंगाचीच असूनही पाण्यात बरीचशी टिकते, आणि लोहशाईची देखभाल नको असणाऱ्याला मी तीच सुचवीन. वॉटरमनची निळी-काळी आता वेगळ्या नावाने येते. ती कालांतराने हिरवटपणाकडे झुकते. सेलरची 'सेईबोकू' ही तिसऱ्याच जातीची, अतिसूक्ष्म रंगकणांची. पाण्याला ती पक्की आहे, पण पेनात वाळली तर निघता निघत नाही.

बाटलीवर लोहाचा उल्लेख नसेल तर घरच्या घरी पारख करता येते. साध्या वहीच्या कागदावर 'श्रीवर्धन' असा शब्द लिहावा. त्यात जोडाक्षर, रफार, वेलांटी आणि भरायला टपलेले 'ध'चे पोट असे सगळे येते. लिहून झाल्यावर लगेच आणि मग दुसऱ्या दिवशी रंग ताडून पाहावा. लोहशाई तोवर स्पष्ट काळवंडते. त्यानंतर कागद नळाखाली धरावा. निळे पाणी ओघळून जाऊन राखी-काळी रेष उरली तर शाईत लोह आहे. ही पारख उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा करावी. शाई फुटते की नाही हे दुसऱ्या वेळीच कळते.

लोहशाईचा एक दोषही येथे ध्यानात ठेवायला हवा. लोह आणि आम्ल जास्त असलेल्या जुन्या शाया कागद खातात: अक्षराच्या जागी कागद तपकिरी होतो, मग तडकतो. ओलावा ही क्रिया वाढवतो. त्यामुळे 'जितकी कडक तितकी टिकाऊ' हा समज किनाऱ्यावर चुकीचा ठरतो. पातळ कागदावर, दमट कपाटात ठेवायच्या नोंदींसाठी सौम्य लोहशाईच बरी.

पेन, पाणी आणि बाटली

खाऱ्या हवेत क्लिप आणि कड्यांवरचा मुलामा तसाही लवकर जातो, त्यात आम्लाची भर नको. सोन्याच्या निबला लोहशाई बाधत नाही. चांगल्या स्टेनलेस स्टीलची निबही वर्षानुवर्षे टिकते, मात्र पेन रोज चालते असावे. पावसाळ्यात आठवडाभर लिहिणे होणार नसेल तर पेन रिकामे करून धुऊन ठेवावे. आपल्याकडची ड्रॉपरने भरायची पेने दिसायला छान आणि शाईही पुष्कळ घेतात, पण तेवढ्यामुळेच लोहशाई त्यांच्यात महिनोन् महिने पडून राहते. शिवाय एप्रिलच्या उकाड्यात टाकी निम्म्याखाली आली की आतली हवा फुगून पेन ओकते. लोहशाईसाठी कन्व्हर्टरचे, म्हणजे शाई ओढून घेणारी काढघाल करता येणारी छोटी नळी असलेले, पेन सोयीचे.

पेन धुवायला किनाऱ्यालगतच्या विहिरीचे मचूळ पाणी घेऊ नये; त्यातले क्षार जिभेत बसतात. पावसाचे धरलेले किंवा गाळलेले गोडे पाणी घ्यावे. लोहाचा काळा थर साध्या पाण्याने सुटला नाही तर पाण्यात थोडे क जीवनसत्त्व विरघळवून जीभ त्यात काही वेळ ठेवावी, मग पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावी. क जीवनसत्त्व फेरिक लोहाला परत विरघळणाऱ्या फेरस रूपात आणते. एका पेनात दोन शाया मिसळू नयेत. आम्ल शाईला अल्कधर्मी शाई भेटली की गाळ धरतो आणि पेन तिथेच बसते.

बाटली लहानच घ्यावी, ३० मिलिलिटरची. झाकण उघडेल तितक्या वेळा हवा आत जाते, लोह बाटलीतच काळे होऊन तळाशी बसते. झाकणावर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. रंगाच्या शाईला दुसरे भय, बुरशीचे. उत्पादक बुरशीनाशक घालतात, तरी पावसाळ्यात पृष्ठभागावर पांढरट जाळे धरलेले दिसले किंवा कुबट वास आला तर बाटली टाकून द्यावी. गाळून वापरण्याचा मोह आवरावा. वापरात असलेल्या पेनची निब थेट बाटलीत बुडवण्याऐवजी लागेल तेवढी शाई छोट्या कुपीत काढून घेतली की हा धोका बराच कमी होतो.

कपड्यावर लोहशाई सांडली तर आधी साबण लावू नये. साबणातल्या अल्कलीने लोह धाग्यात पक्के बसते आणि डाग पिवळट तपकिरी होऊन राहतो. पाण्याने निळे काढून टाकावे, मग डागावर लिंबू किंवा परसातले बिंबल चिरून चोळावे. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असते आणि लोखंडाचे डाग काढायला ते किनाऱ्यावर पूर्वीपासून वापरतात. थोडा वेळ उन्हात ठेवून कपडा भरपूर पाण्याने खळबळावा. साबणाची पाळी त्यानंतर.