डम्प केक आणि कॉब्लर: चमचा फिरवायचा कशात आणि कशात नाही

डम्प केक म्हणून कॉब्लर खपवायचा आणि कॉब्लर म्हणून भलतंच काहीतरी, हा घोळ आता इतका रुळलाय की कुणाला खटकतही नाही. मला खटकतो. या गल्लतीपायी चांगली फळं आणि अख्खं खोकं केक मिक्स (केकचं तयार कोरडं पीठ) वाया जातं, आणि दोष मात्र पाककृतीला लागतो. दोन्ही अमेरिकन घरगुती गोड पदार्थ, दोन्हींत फळं आणि बेक झालेलं पीठ, दोन्ही गरम असताना चमच्यानं खायचे. साम्य एवढंच.

कॉब्लर बहुतेकांनी केलेला असतो, म्हणून थोडक्यात. मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि दूध एकत्र कालवायचं. टिनमध्ये लोणी वितळवून त्यावर हे पातळसर पीठ ओतायचं, वर फळं पसरायची आणि ढवळायचं नाही; भाजताना पीठ फुगून फळांच्या भोवती वर येतं. दुसऱ्या प्रकारात फळं खाली आणि वर घट्ट पिठाचे गोळे. कसाही करा, पीठ ओव्हनमध्ये जाण्याआधी भिजलेलं असतं.

डम्प केकमध्ये ते भिजवायचंच नसतं. घोळ होतो तो नेमका इथे. खोक्यावर अंडी, तेल, पाणी घालायला सांगितलेलं असतं, ते विसरा. 23 बाय 33 सेंटिमीटरच्या टिनमध्ये फळं रसासकट ओता, त्यावर केक मिक्स कोरडंच भुरभुरवा, सगळीकडे सारखं, आणि वर लोण्याचे पातळ काप लावा. ढवळू नका. हात शिवशिवला तरी नाही.

याचं कारण साधं आहे. पिठाला ओल दोन बाजूंनी मिळते. खालून फळांचा रस उकळून वर चढतो, त्यात मैद्यातला स्टार्च फुगतो आणि मऊ, पुडिंगसारखा थर तयार होतो. वरून लोणी वितळून झिरपतं, मिक्समधली साखर त्यात परतली जाते आणि खुसखुशीत, तांबूस पापुद्रा बनतो. ढवळलंत की हे दोन्ही थर मोडतात. पीठ आणि साखर रसात उतरतात, आकार धरायला अंडंही नसतं, मग तासभर भाजूनही हाती येतो तो गोड, चिकट लगदा.

दुसरं टोक म्हणजे वर राहिलेले पांढरे, पिठूळ डाग. ते कच्चं पीठ असतं, ते खाऊ नये. याचं खापर लोक ओव्हनवर फोडतात, पण खरी कमतरता असते ओलीची. त्यातही सर्वांत मोठी चूक म्हणजे डब्यातल्या फळांचा रस गाळून टाकणं. इतर केकना फळं निथळून घ्यायची सवय असते, ती इथे नडते, कारण पीठ त्या रसावरच शिजणार असतं. नुसतं चेरीचं ‘पाय फिलिंग’ (‘पाय’ या पदार्थात भरायचं तयार दाट सारण) वापरलं तरी तीच अडचण येते: ते ओलं दिसतं, पण त्यातलं पाणी स्टार्चनं धरून ठेवलेलं असतं, पिठाला ते सहजी मिळत नाही. म्हणूनच चेरीच्या जोडीला चुरलेला अननस रसासकट घालतात, आणि ही जोडी मला सगळ्यांत आवडते. ताजी किंवा फ्रोझन बेरी चालतात, कारण तापल्यावर त्यांना भरपूर रस सुटतो. त्यांना थोडी साखर आणि चमचाभर कॉर्नफ्लॉर चोळून घ्या.

लोण्यात काटकसर नको. 432 ग्रॅमच्या खोक्याला 113 ग्रॅम लोणी सांगणाऱ्या पाककृती पुष्कळ आहेत. मी 170 ग्रॅम घेते. लोणी गार असताना दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करायचे आणि फरशी बसवावी तसे शेजारी शेजारी लावायचे. वितळलेलं लोणी वरून ओतणं मला पटत नाही. ते सखल जागी ओघळतं आणि मधले पट्टे कोरडे राहतात. ‘लाइट’ स्प्रेडमध्ये लोण्यापेक्षा चरबी कमी आणि पाणी जास्त असतं, त्यानं पापुद्रा खुसखुशीत होत नाही.

फळं कुठली, मिक्स व्हॅनिलाचं की चॉकलेटचं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जे असेल ते घ्या. वर अक्रोड भुरभुरवले तर उत्तम. ओट्स मात्र नकोत, तो क्रिस्पचा, म्हणजे ओट्सचा चुरा वर घालून भाजलेल्या फळांचा प्रांत.

भाजून झालंय हे ओळखायची रीतही वेगळी. कॉब्लरच्या पिठात टूथपिक खुपसून बघता येतं. डम्प केकमध्ये ती नेहमीच ओली बाहेर येणार, आणि तिच्यावर भरवसा ठेवून लोक वरचा थर करपवतात. इथे कडा बघा. रस कडेनं दाटसर बुडबुडतोय आणि वरचा भाग सगळीकडे तांबूस झालाय, म्हणजे झालं. 175 ते 180 अंशांवर साधारण 45 ते 60 मिनिटं लागतात. संपायच्या पंधरा मिनिटं आधी एकदा दार उघडा. पांढरा डाग दिसला तर चमच्याच्या पाठीनं तेवढाच भाग हलका दाबा, रस वर येईल. नाही आला तर तिथे लोण्याचा एक काप ठेवा. बाहेर काढल्यावर वीसेक मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे रस आळतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये पापुद्रा सादळतो.