ओढ्यातला पाचोळा कोणाचा?

ओढा स्वच्छ करायचा म्हटलं की प्लॅस्टिकबरोबर पाचोळाही उपसला जातो. प्लॅस्टिक जरूर उचला. पाचोळ्याला मात्र हात लावू नका.

उगमाजवळचे ओढे अरुंद असतात. वर झाडांची दाट सावली असेल तर पाण्यात शेवाळ फारसं वाढत नाही, आणि तिथल्या लहान जिवांचं पोट मुख्यतः गळलेल्या पानांवरच चालतं. पण नुकतं पडलेलं पान सहसा कोणी खात नाही. आधी त्यातली विरघळणारी द्रव्यं पाण्यात उतरतात. मग येतात पाण्यातल्या बुरशा, आणि मला खरं कौतुक आहे ते यांचंच. त्यांच्यातल्या अनेकींच्या बीजाणूंना चार हात असतात. गोल बीजाणू प्रवाहात सहज निसटला असता, हा तीन टोकांवर टेकतो आणि पानाला चिकटतो. त्यातून फुटलेले तंतू आत शिरतात, त्यांची विकरं (पाचक रसायनं) पानाच्या पेशींच्या भिंतींतलं पेक्टिन आणि सेल्युलोज फोडतात. पान मऊ पडतं, त्यातलं नायट्रोजनचं प्रमाण वाढतं. आता कुठे ते खाण्याजोगं झालं! स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या उडणाऱ्या कीटकांचं बालपण पाण्यात जातं; स्टोनफ्लायची पिल्लं आणि काही कॅडिसफ्लायच्या अळ्या हे पान कुरतडतात. खाल्लेल्यातलं बरंचसं न पचता बारीक कण होऊन बाहेर पडतं. हे कण खाली रेशमाची जाळी विणून बसलेल्या दुसऱ्या कॅडिस अळ्या गाळून खातात, आणि या सगळ्यांवर चतुरांची पिल्लं टपलेली असतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कोवीटा इथे संशोधकांनी एका ओढ्यावर जाळी ताणून पानं पडूच दिली नाहीत. १९९७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पानं खाणारे तर घटलेच, त्यांना खाणारे शिकारी किडेही घटले.

पाण्यात किडे दिसले म्हणजे पाणी घाण, हा समज स्टोनफ्लायच्या बाबतीत तर साफ उलटा आहे. गार, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी नसेल तर ती तगत नाही. आणि 'उपयुक्त जिवाणूं'ची द्रावणं ओतून ओढा जिवंत करण्याचे दावे ऐकले की वाटतं, सावलीच्या ओढ्यात हे काम बुरशा फुकटात करतच असतात की!

काठावर झाडं लावायची तर मिश्र जातींची लावावीत. काही पानं आठवड्यांत कुजतात, काहींना महिने लागतात, म्हणून खाणं वर्षभर पुरतं. शेजारशेजारच्या दोन ओढ्यांतही जिवांच्या जाती वेगळ्या असू शकतात. त्यामुळे एक ओढा पाइपात घालून 'दुसरा राखलाय ना' म्हणण्यात अर्थ नाही.