वेबसॉकेट की वेबआरटीसी? बोलणाऱ्या एआयचं वेब अ‍ॅप बांधताना

वापरणारा ब्राउझरमध्ये बोलतो आणि एआय लगेच बोलून उत्तर देतो, असं अ‍ॅप बांधायला घेतलं की दोन नावं समोर येतात : वेबसॉकेट आणि वेबआरटीसी. दोन्हींत ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली जोडणी उघडी राहते, डेटा दोन्ही दिशांनी जातो आणि ब्राउझरमध्ये वेगळं काही बसवावं लागत नाही. म्हणून बरेच जण ज्याचं उदाहरण आधी चालेल ते घेऊन पुढे जातात. बहुतेकदा ते वेबसॉकेट असतं, आणि पहिल्या डेमोत ते छान चालतंही.

फरक दिसतो तो आवाजाचं एखादं पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा छोटा तुकडा, वाटेत हरवल्यावर.

वेबसॉकेट (त्याचं मानक : आरएफसी ६४५५, २०११) टीसीपी या डेटा पोचवण्याच्या पद्धतीवर चालतं. पाठवलेलं सगळं पोचलं पाहिजे आणि त्याच क्रमाने पोचलं पाहिजे, हा टीसीपीचा नियम. एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा पाठवलं जातं आणि तोवर मागची पॅकेट येऊनही अडून राहतात. मजकुरासाठी हे हवंच. बोलण्यात मात्र अर्ध्या सेकंदापूर्वीचा आवाज आत्ता मिळून उपयोग नसतो, उलट त्याची वाट पाहताना सगळं संभाषण मागे पडतं. वेबआरटीसी शक्यतो यूडीपीवरून, म्हणजे पोचण्याची हमी न देणाऱ्या पद्धतीने, जातं आणि आवाजाच्या हरवलेल्या तुकड्यासाठी अडून बसत नाही. आवाज दाबून लहान करणारा ओपस कोडेक सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे पाठवतो. एखादा गळला तर तो आवाज पुन्हा उलगडणारा डिकोडर आधीच्या आवाजावरून ती फट बुजवतो आणि ऐकणाऱ्याला बहुतेकदा कळतही नाही.

काही मिलिसेकंदांसाठी एवढा आटापिटा का? माणसं आपसांत बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातला खंड साधारण २०० मिलिसेकंदांचा असतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते की एका दिशेचा विलंब शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. मॉडेलला विचार करायला लागणारा वेळ वेगळाच. तेव्हा नेटवर्कवर उधळायला आपल्याकडे काहीच शिल्लक नसतं.

डेटाचं ओझंही बघा. १६ बिट, २४ किलोहर्ट्झ, मोनो असा कच्चा, न दाबलेला पीसीएम आवाज सेकंदाला ३८४ किलोबिट घेतो. जेसन या मजकुराच्या साच्यात घालण्यासाठी बेस६४ केलं, म्हणजे अक्षरांत बदललं, की ५१२. ओपसला बोलण्यासाठी तीसेक किलोबिट पुरतात. वेबसॉकेटवरूनही ओपस पाठवता येतो, पण ती सगळी जुळणी आपणच करायची आणि समोरच्या एपीआयनेही (मॉडेलशी जोडून देणाऱ्या सेवेनेही) तो स्वीकारायला हवा.

माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते एआयचं बोलणं मध्येच तोडण्याकडे. मॉडेल बोलण्याच्या वेगापेक्षा बरंच भरभर आवाज तयार करतं. वेबसॉकेटवर दहा सेकंदांचं उत्तर दोन सेकंदांत येऊन ब्राउझरच्या रांगेत पडलेलं असू शकतं. वापरणारा तिसऱ्या सेकंदाला म्हणाला, “थांब, मला ते नको होतं”, तर रांग लगेच रिकामी करावी लागते. शिवाय नेमकं कुठवर ऐकवलं गेलं होतं, ते सर्व्हरला कळवावं लागतं. ते राहिलं तर मॉडेल समजतं की आपलं सगळं बोलून झालं, आणि पुढे न ऐकलेल्या गोष्टींचा हवाला देत राहतं. आवाज ऐकू येतो, एरर कुठेच नसतो, तरी संभाषण विचित्र होतं. वेबआरटीसीत सर्व्हर बोलण्याच्याच गतीने आवाज सोडतो, त्यामुळे कुठवर पोचलो याचा अंदाज त्याला असतो आणि तो जागच्या जागी थांबू शकतो.

व्हिडिओचं उत्तर सरळ आहे. मॉडेलला सेकंदाला एखादी फ्रेम दाखवायची असेल, तर जेपेग चित्रं वेबसॉकेटवरून पाठवली तरी भागतं. हलता, सलग व्हिडिओ हवा असेल, तर जोडणीची ताकद पाहून दर्जा आपोआप कमी-जास्त करणारं वेबआरटीसीच घ्यावं.

पण वेबआरटीसीची किंमत मोजावी लागते. वाट शोधायला आइस आणि स्टन ही तंत्रं, थेट वाट मिळाली नाही तर मध्ये राहून डेटा पुढे पाठवणारा टर्न सर्व्हर, कडक फायरवॉलमागे यूडीपी बंद. शिवाय दोन टोकांनी आधी एकमेकांशी बोलणी कशी करायची, हे वेबआरटीसी ठरवूनच देत नाही. त्या बोलण्यांसाठी अनेकदा वेबसॉकेटच वापरलं जातं, त्यामुळे एकाच अ‍ॅपमध्ये दोन्ही सापडतात आणि गोंधळ वाढतो. वेबसॉकेट नेहमीच्या ४४३ पोर्टवरून जातं आणि प्रत्येक संदेश डेव्हलपर टूल्समध्ये वाचता येतो. बिघाड शोधताना हा मोठा आधार असतो.

म्हणून मी जोडणीचे दोन भाग करून बघतो. माणसाचा ब्राउझर ते आपला सर्व्हर : इथे वायफाय डळमळतं, मोबाइलची रेंज जाते, म्हणून वेबआरटीसी. आपला सर्व्हर ते मॉडेल : दोन्ही टोकं भक्कम नेटवर्कवर, म्हणून वेबसॉकेट पुरेसं. ओपनएआयचं रिअलटाइम एपीआय दोन्ही मार्ग देतं आणि ब्राउझरसाठी वेबआरटीसी सुचवतं. ब्राउझर थेट मॉडेलशी जोडणार असेल, तर त्याच्या हाती कायमची एपीआय की (सेवेची गुप्त किल्ली) कधीच देऊ नका. सर्व्हरवरून थोड्या वेळापुरतं टोकन काढून द्या.

निवड पक्की करण्याआधी लिनक्सवर टीसी आणि नेटएम ही नेटवर्कची साधनं वापरून मुद्दाम दोन-तीन टक्के पॅकेट गळू द्या आणि दोन्ही मार्गांनी पाच मिनिटं बोलून बघा. चांगल्या वायफायवर हा फरक कानांना ऐकूच येत नाही.