हाडांच्या गोळ्यांची पारख

हाडांची घनता टिकावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या कॅल्शियम, व्हिटॅमिन डी व इतर खनिजांच्या गोळ्या-पावडरी किती उपयोगाच्या आहेत, हे ताडून पाहण्याची रीत. मराठवाड्यात त्यांना सरसकट ‘कॅल्शियमच्या गोळ्या’ म्हणतात आणि त्या बहुधा गुडघेदुखी-कंबरदुखीवर घेतल्या जातात. पहिली गफलत इथेच होते. ठिसूळ झालेलं हाड मोडेपर्यंत सहसा दुखत नाही. उतारवयात दुखणारा गुडघा बहुतेक वेळा सांध्याच्या झिजेमुळे दुखतो आणि कॅल्शियमने त्याला उतार पडत नाही.

पारख सुरू करावी ती खोक्याच्या मागच्या बारीक अक्षरांपासून. पुढच्या बाजूचा मोठा आकडा पुष्कळदा क्षाराच्या वजनाचा असतो. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के, सायट्रेटमध्ये सुमारे २१ टक्के. म्हणजे १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटच्या गोळीतून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, तर १००० मिलिग्रॅम सायट्रेटमधून जेमतेम २१०. महागडं ‘कोरल’ कॅल्शियमही मुळात कार्बोनेटच. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं, कारण ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. सायट्रेट उपाशीपोटीही चालतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतलं, तर अंगी लागण्याचं प्रमाण घटतं. रक्तवाढीची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, थायरॉइडच्या गोळीत तर चार तासांचं अंतर हवं.

मोठ्या माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बाईची १२००. यातलं ताटातून किती येतं ते आधी मोजावं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३० मिलिग्रॅमही कॅल्शियम नसतं; भाकरीसोबतचं दही-ताक, तिळाची किंवा कारळाची चटणी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी ही उणीव भरून काढतात. तिळातलं बहुतेक कॅल्शियम सालात असतं, त्यामुळे पांढराशुभ्र सोललेला तीळ इथे फारसा कामाचा नाही. ताटात जेवढं कमी पडतं, तेवढंच गोळीने भरावं.

गोळीने घनतेचा आकडा किती वाढला यापेक्षा हाड मोडायचं टळलं का, हा प्रश्न मोठा आहे. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या ३२७० वृद्धांवरच्या, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व ८०० युनिट व्हिटॅमिन डी दिल्यावर खुब्याची मोड ४३ टक्क्यांनी घटली. उलट अमेरिकेतल्या ३६,२८२ महिलांच्या २००६ सालच्या चाचणीत खुब्याची घनता जेमतेम एक टक्क्याने वाढली, मोड खात्रीने कमी झाल्याचं दिसलं नाही आणि मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. फ्रान्समधल्या वृद्धांच्या अंगात मुळात उणीव होती, अमेरिकेतल्या महिलांच्या ताटात बहुतांशी पुरेसं कॅल्शियम होतं; म्हणजे ज्यांच्या अंगात खरोखर उणीव आहे त्यांनाच या गोळ्या तारतात, असा याचा अर्थ. मॅग्नेशियम, जस्त, बोरॉन यांची भर घातलेल्या गोळ्यांनी मोड टळते याला भक्कम पुरावा नाही. व्हिटॅमिन के असलेली गोळी तर वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

साठ हजार युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती रोज घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, सुस्ती आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अक्षरओळख नसलेल्या आजीला पुडी देताना कॅलेंडरवर वार खुणेने दाखवून द्यावा, एवढी ही बाब गंभीर आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा प्रश्न याहून खोल आहे. राज्य सरकारच्या समितीने २०१९ साली केलेल्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली असतील, तर इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं संप्रेरक एकदम आटतं आणि हाडांची झीज ऐन उमेदीत सुरू होते. अशा बाईला कॅल्शियमची बाटली देऊन वाटेला लावणं हा अन्याय आहे. तिची डेक्सा तपासणी (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणं) व्हायला हवी; टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करून येणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडांचं खरं औषध लागतं, कॅल्शियम त्याला फक्त जोड. मोफत शिबिरात टाचेवर यंत्र लावून मिळालेल्या आकड्याला हा निकष लावता येत नाही.

नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला आणखी एक फसगत संभवते. तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्यावर डेक्साचा आकडा चांगला येतो, पण हाड ठिसूळच असतं. अमेरिकेत २०२ महिलांच्या चाचणीत निम्म्या जणींना सोडियम फ्लोराइड देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, तरी मणक्यांखेरीज इतर हाडांची मोडही वाढली (१९९०). म्हणून दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, ताठरलेली मान, खाली वाकता न येणं अशी लक्षणं असतील, तर गोळीच्या आधी बोअरचं पाणी तपासायला द्यावं.