‘स्पॅनिश मेन’चे चाचे : १८८८च्या सिगारेट कार्डांची पार्श्वभूमी

व्हर्जिनियातील रिचमंड येथील एका तंबाखू कंपनीने १८८८च्या सुमारास आपल्या सिगारेटच्या पाकिटांतून ‘पायरेट्स ऑफ द स्पॅनिश मेन’ ही ५० कार्डांची मालिका वाटली. ‘स्पॅनिश मेन’ म्हणजे कॅरिबियन समुद्राभोवतीचा स्पेनच्या ताब्यातील किनारा. मऊ पाकीट चुरगळू नये म्हणून आत घातला जाणारा पुठ्ठ्याचा तुकडा बहुरंगी शिळाछपाईमुळे एव्हाना जपून ठेवण्याची वस्तू झाला होता. प्रत्येक कार्डावर एका चाच्याचे ठसठशीत व्यक्तिचित्र आणि त्याच चित्राच्या पार्श्वभूमीत एक छोटा प्रसंग आहे. कैद्याला फळीवरून समुद्रात चालायला लावणे, खजिना पुरणे हे प्रसंग त्यांत आहेत. चाच्यांची तशी सर्रास रीत होती याला आधार मात्र फारच तुटपुंजा आहे.

चित्रांपेक्षाही शीर्षकातील ‘चाचे’ हा शब्द अधिक तपासून पाहण्यासारखा आहे. १६७१च्या जानेवारीत पनामा लुटणाऱ्या हेन्री मॉर्गन या वेल्श कप्तानाजवळ जमैकाच्या गव्हर्नरचा परवाना होता. पण इंग्लंड आणि स्पेन यांच्यात माद्रिदला तह होऊन तेव्हा सहा महिने उलटले होते. त्यामुळे ती स्वारी युद्ध होती की दरोडा, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. त्याला अटक करून लंडनला नेण्यात आले आणि १६७४मध्ये त्यालाच ‘सर’ किताब देऊन जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परत पाठवण्यात आले. त्याच्या क्रौर्याची वर्णने असलेले डच पुस्तक १६८४मध्ये इंग्रजीत येताच त्याने प्रकाशकांवर बदनामीचा दावा लावला आणि भरपाई मिळवली. असे असूनही दोनशे वर्षांनी कार्डावर तो नावाआधीच्या ‘सर’सह चाच्यांच्या रांगेत बसला. हा निर्णय अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही, पण परवान्याचा सारा वाद त्याने पुसून टाकला, हे खरे नुकसान आहे. कोकण किनाऱ्यावर दस्तक (प्रवास-परवाना) नसलेली जहाजे अडवणाऱ्या मराठ्यांच्या सरखेलांनाही (आरमारप्रमुखांनाही) इंग्रजी कागदपत्रांनी हाच शब्द लावला होता, म्हणून मराठी वाचकाला त्यातला पक्षपात चटकन जाणवावा.

पुढे संग्राहकांच्या सूचीत या मालिकेला ‘एन१९’ हा क्रमांक मिळाला. सूचीकाराने आपला ३ लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाला दिला आणि ही कार्डे मूळ शीर्षकासह तेथे पोहोचली. २००६मध्ये त्या जुन्या तंबाखू कंपनीचे नाव बेसबॉल कार्डांवर पुन्हा झळकले.