हॉल घुमतो म्हणजे नक्की काय होतं? निनाद आणि प्रतिध्वनी

मुंबईतल्या जुन्या सभागृहांची दुरुस्ती करणाऱ्या आर्किटेक्टकडे एक तक्रार हमखास येते: "हॉल फार घुमतो, पॅनेल लावून द्या." पॅनेल लावता येतील, पण तिथे निनाद जास्त आहे की प्रतिध्वनी येतोय, हे आधी ठरवायला हवं. या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही. वारसा इमारतीत तर चुकीचं औषध काढताना शंभर वर्षांचा चुन्याचा गिलावाही सोबत निघून येतो.

प्रतिध्वनी शाळेत शिकलेलाच. ध्वनीचा वेग सेकंदाला 344 मीटर आणि कानातला ठसा सुमारे 0.1 सेकंदाचा, म्हणून भिंत निदान 17.2 मीटर दूर हवी. रंगमंचावर उभं राहून टाळी वाजवा. मागची भिंत 20 मीटरवर असेल तर 0.12 सेकंदांनी दुसरी टाळी स्वच्छ ऐकू येईल. इथे दोषी बहुधा एकच पृष्ठभाग असतो. तो अंतर्गोल असला तर आवाज एका जागी गोळा होतो; विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

निनादाला असा एक दोषी नसतो. भिंती, छत, फरशी, सगळीकडून परावर्तनं इतकी दाट येतात की एकही सुटं ऐकू येत नाही, फक्त शेपूट लांबत जातं. आवाज 60 डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. हार्वर्डमधलं एक व्याख्यानगृह सुधारण्याचं काम 1895 मध्ये वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाकडे आलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री आणून मांडायच्या, मोजायचं आणि सकाळच्या आत परत ठेवायच्या, असा त्याचा उद्योग चाले. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: घनफळ गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण (भिंती, छत, माणसं मिळून आवाज किती गिळतात ते; हे चौरस मीटरमध्ये मोजतात).

हिशेब करून पाहू. हॉल 20 मीटर लांब, 12 रुंद, 8 उंच. घनफळ 1,920 घनमीटर. रिकामा असताना शोषण 100 चौरस मीटर धरलं तर निनादकाल 3.1 सेकंद. त्यात 200 माणसं बसली, माणशी अर्धा चौरस मीटर शोषण धरलं, की तो निम्म्यावर येतो. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून घाबरू नये.

इथे संगीत शिकलेला आर्किटेक्ट पुढे असतो, असं माझं मत आहे. नुसत्या आलापावरून खोलीची परीक्षा होत नाही, कारण सूर लांबलेला असतो आणि प्रतिध्वनी त्यात लपतो. तबल्याचा 'ना' वाजवला की तो लगेच उघडा पडतो. निनादाचं उलट: विलंबितात तो सुराला आधार देतो, पण द्रुत तीनतालात बोल एकमेकांत मिसळून चिखल होतो. भाषणाला साधारण एक सेकंद किंवा कमी निनादकाल बरा, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोनच्या आसपास. एकच हॉल दोन्हींना हवा असेल तर काढता-घालता येणारे जाड पडदे हाच शहाणपणा.

प्रतिध्वनीवर इलाज नेमक्या जागी करायचा: ती एक भिंत झाका, खडबडीत करा किंवा स्पीकरची दिशा बदला. सगळीकडे पातळ फोम चिकटवणं हा मात्र शुद्ध अविचार. तो उंच स्वर गिळतो, खालचे तसेच घुमत ठेवतो आणि गाणं कोंदट होतं. गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाउससारख्या नाट्यगृहातले सज्जे, बॉक्स आणि नक्षीकाम नुसतं शोभेचं नसतं. सपाट भिंत सरळ परतवते तो आवाज ते विखरून टाकतात. 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली ही वास्तू 1993 मध्ये बंद पडली आणि जीर्णोद्धारानंतर 2016 मध्ये उघडली.

जुने श्रोते म्हणतात, पूर्वी अमुक हॉलमध्ये माइकशिवाय ऐकू यायचं. सगळा स्मरणरंजनाचा भाग नसावा. सॅबिनने शोषणाचं एकक उघड्या खिडकीवरून ठरवलं होतं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. मुंबईच्या हॉलना अशा मोठ्या खिडक्या असायच्या. मग एसी आला, काचा बंद झाल्या. दोन चौरस मीटरच्या दहा खिडक्या मिटल्या की जवळजवळ 20 चौरस मीटर शोषण गेलं. त्यामुळे पडदे लावायचेच असतील तर आधी तिथे लावावेत. गिलाव्याला एक खिळाही ठोकावा लागत नाही.